बारा बांगड्या, चार वाढवल्या

आमच्या खेड्यातल्या शाळेत चौथीचं गणित गोष्टीच्या पुस्तकातून शिकवलं जायचं, असं मी सांगितलं की लोक कौतुकाने माना डोलावतात. त्या काळात किती पुढचा विचार, म्हणतात. मला तेव्हा त्यांचा राग येतो. ज्या माणसाचा तो विचार होता त्याचं पुढे काय झालं, हे त्यांना ऐकायचं नसतं. सांगायला लागलं की कुणाला चहा आठवतो, कुणाला गाडी. म्हणून लिहूनच ठेवते आहे. वाचणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही, एवढा तरी फायदा.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. सोनाळ्याच्या बाजाराला आम्ही डोक्यावर वांगी-मिरच्यांच्या पाट्या घेऊन पायी जायचो. आगगाडी बघायची तर नांदुऱ्याला जावं लागे, आणि ती बघितलेली माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. त्यामुळे शाळा तपासायला येणारा साहेब कधी नागपूरचा असे, कधी पार जबलपूरकडचा. आम्ही त्याला डिप्टीसाहेब म्हणायचो. शाळा चौथीपर्यंत. मुली आम्ही तिघीच, दाराजवळ बसायचो, म्हणजे घरून हाक आली की उठून जायला सोपं.

गणिताचे मास्तर उंद्रीचे, चिखलीकडचे. आम्ही 'मले', 'तुले' बोलणारे आणि ते 'मला', 'तुला' म्हणायचे, तेवढ्यावरून पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं की पुण्याचाच माणूस आला. मग एक दिवस रागाच्या भरात ते 'का रे'च्या ऐवजी आमच्यासारखं 'काऊन रे' म्हणाले आणि सगळा वर्ग हसत सुटला. तेव्हापासून ते आमचे झाले. बायको उंद्रीला म्हातारा-म्हातारी सांभाळत होती; मास्तर मारुतीच्या देवळामागच्या खोलीत एकटे राहायचे, हाताने भाकरी थापायचे आणि ती कधीच गोल व्हायची नाही. मुलं त्यावरून त्यांना चिडवायची. 'भाकरीचं क्षेत्रफळ काढून दाखवा, मग हसा,' असं ते म्हणायचे.

शाळेच्या लाकडी पेटीत कुणीतरी कधीतरी दिलेली गोष्टींची पुस्तकं होती. बहुतेक उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ली होती. एकच त्यातल्या त्यात धड राहिलं होतं, आणि तेही वरचं पान गेलेलं, शेवटची पानं गेलेली. त्यात एका कासारणीची गोष्ट होती. डोक्यावर बांगड्यांचा पेटारा घेऊन ती गावोगाव हिंडते. घरी तिची लेक वाट पाहत असते. मध्ये रान आहे, नदी आहे, दिवस मावळायच्या आत पोचायचं आहे. एवढीच गोष्ट. पण मास्तर एक पान वाचायचे, पुस्तक मांडीवर पालथं ठेवायचे आणि म्हणायचे, 'आता पाटी घ्या.' पहिल्या गावात निम्म्या बांगड्या खपल्या, दुसऱ्या गावात उरलेल्यांच्या पाऊणपट. आता पेटाऱ्यात काय राहिलं? नदीपर्यंत येवढी वाट तिने दोन प्रहरांत काटली. तर रानातली वाट काटायला किती वेळ, आणि तोवर दिवस असेल की नसेल? पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आम्हाला पाठ होती, पण ती कशाला असते हे त्या कासारणीने शिकवलं. जी मुलं त्रैराशिकाचं नाव काढलं की लघवीला म्हणून पळायची, ती ओठ चावत हिशोब करत बसायची, कारण ती बाई उजेडात घरी पोचावी असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

हेडमास्तरांना हे पसंत नव्हतं. ते स्वतः भूगोल आणि मोडी शिकवायचे, पण गणितासाठी त्यांनी आमच्याकडून एक पाठांतर घोटून घेतलं होतं: मिळाले, वाढले, एकूण म्हणजे बेरीज, गेले, उरले, शिल्लक म्हणजे वजाबाकी. उदाहरणात शब्द शोधायचा, त्याप्रमाणे कृती करायची, बाकी काही वाचायची गरज नाही. खरं सांगायचं तर हे सोपं होतं. विचार करायला लागत नसे.

मग त्या पुस्तकात एक दिवस असं वाक्य आलं: 'कासारणीने आपल्या हातात बारा बांगड्या भरल्या होत्या. वाटेत चार वाढवल्या.' मास्तरांनी विचारलं, घरी पोचली तेव्हा हातात किती? मी सगळ्यात आधी पाटी वर केली. पाटीवर सोळा होते. वाढवल्या, म्हणजे बेरीज; हेडमास्तरांचं पाठांतर माझ्या तोंडात गुळासारखं बसलेलं होतं. मागून पोरं खिदळली. मास्तर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, 'घरी जाऊन आईला विचार.'

आई वांग्याच्या वाफ्यात निंदत होती. मी तिला सगळं सांगितलं तर तिने मातीचा हात पदराला पुसला आणि पोट धरून हसली. 'अवं, बांगडी फुटली म्हनू नाई बाईनं. वाढवली म्हनावं. दिवा इझवला म्हनतं काय आपुन? वाढवला म्हनतो. तसंच हे.' मोट थांबवून माझे वडील ऐकत होते. ते म्हणाले, हिच्या हाताला तर कासार पुरत नाही, महिन्याला इतक्या वाढवते की आतापर्यंत खांद्यापर्यंत भरायला हव्या होत्या. आई लटकी रागावली. गंमत अशी की हा शब्द मी जन्मल्यापासून घरात ऐकत होते. पाटीवर आला आणि ओळखलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तो अख्खा तास त्या एका शब्दावर घालवला. दिवा वाढवतात, दुकान वाढवतात, देवापुढे नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात. या सगळ्यांत काहीतरी संपतं, फुटतं, विझतं, पण अभद्र बोलू नये म्हणून माणसं त्याला वाढवणं म्हणतात. म्हणून आधी गोष्ट बघायची, कोण बोलतंय ते बघायचं, मग आकड्याला हात लावायचा. मुलांनी घरोघरचे शब्द आणले. कुणी म्हणालं, आमची आजी निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते, मग ती आली की गेली? मास्तर खूश झाले. मला वाटतं, त्यांच्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस असावा.

त्याच हिवाळ्यात विहिरीचं पाणी लवकर खाली गेलं. माझे वडील गाळ काढायला उतरले आणि दरड कोसळली. त्यांना वर काढेपर्यंत दुपार उलटली. मी त्या वेळी शाळेत होते, दाराजवळ बसले होते, आणि हाक आली तेव्हा मला वाटलं नेहमीसारखं धाकट्याला सांभाळायला बोलावताहेत. मी पाटी घेऊन रमतगमत घरी गेले. त्या रमतगमत चालण्याचा मला अजून त्रास होतो.

घरात बायका जमल्या होत्या. आईला भिंतीशी बसवलं होतं आणि चुलतआजीने पाटा पुढे ओढला होता. मी दारात उभी होते. मला माहीत होतं की आता आईच्या बांगड्या काढणार, आणि मी वाट पाहत होते की कुणीतरी तो शब्द म्हणेल. चुलतआजी म्हणाली, 'फोडा.' मग दुसरी म्हणाली, 'फोडा वं लवकर.' वाढवा कुणीच म्हणालं नाही. रोज ज्या बायका दिवा वाढवायच्या, त्यांनी आज तो शब्द घरी ठेवला होता. काचेचा आवाज काही फार मोठा नसतो. आईच्या मनगटातून थोडं रक्त आलं, ते कुणी पुसलं नाही.

तेरावं झाल्यावर मी शाळेत गेले. मास्तरांनी पुस्तक उघडलं, पुढच्या पानावर कासारीण गावातल्या बायकांच्या हातांत बांगड्या भरत होती, आणि माझ्याकडे नजर जाताच त्यांनी ते मिटलं. पुढे कितीतरी दिवस नुसते पाढे चालले. मुलं कंटाळली. मला कळत होतं की हे माझ्यामुळे आहे, आणि ती दया मला सहन होईना. शेवटी एकदा शाळा सुटल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

'मास्तर, फोडल्या म्हंजेबी वजाबाकीच ना?'

त्यांनी पेटीला कुलूप लावलं. मग म्हणाले, 'पाटीवर दोन्ही सारखंच, बाई. घरात नाही. वाढवलेल्या पुन्हा भरता येतात.' मी म्हटलं, मग उद्यापासून कासारणीची गोष्ट वाचा. त्यांनी वाचली.

माझे चुलते, वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. आता आमचं घर त्यांच्या शब्दावर चालणार होतं. ते वाईट नव्हते. त्यांना स्वतःच्या चार पोरी होत्या आणि आता वर आम्ही. त्यांनी माझ्यासाठी जळगाव-जामोदकडचा एक बिजवर बघितला होता, माझ्याहून थोड्या लहान दोन पोरांचा बाप. आई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलली. खामगावला माझे मामा होते, मला पुढच्या शाळेसाठी ठेवून घ्यायला तयार होते, आणि माझ्या वडिलांनी ते कबूल केलं होतं. मोठ्या बाबांनी पगडी सारखी केली आणि निवाडा दिला, 'डिप्टीसायबानं पास केली तं पोरगी जाईन खामगावले. नाई तं अखजीले लगन.' अखजी म्हणजे अक्षय तृतीया. परीक्षेनंतर ती काही लांब नव्हती. आईने हे मास्तरांना जाऊन सांगितलं. विटाळ, सुतक, लोक काय म्हणतील, काही न बघता ती देवळामागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पोरगी तुमच्या पदरात टाकली आहे.

त्यानंतर मास्तर मला रोज जास्तीची गणितं घालू लागले. मी सगळी सोडवायचे. पास होण्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती आणि त्यांनाही नसावी.

डिप्टीसाहेब नांदुऱ्याहून दमणीत बसून आले. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून आला तशी शाळा चिडीचूप झाली. साहेब जबलपूरकडचे, घरची बोली हिंदी, वर्णाने गोरे, नीटनेटके. मराठी ते पुस्तकातून शिकले होते आणि एकेक शब्द ते चिमट्याने उचलल्यासारखा बोलायचे. ओट्यावर पाटील, कुळकर्णी आणि गावातली दोन-चार माणसं बसली होती. मोठे बाबाही होते. साहेबांनी वाचन ऐकलं, नकाशा बघितला, आणि मग हेडमास्तरांनी अगदी नम्रपणे सांगितलं की या वर्गाला गणिताच्या तासाला गोष्टी सांगतात. साहेब म्हणाले, मग आम्हीही एक गोष्ट ऐकू.

मास्तरांनी पुस्तक काढलं. साहेबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं, मध्येच एक पान उघडलं आणि तेच वाक्य वाचलं. बारा बांगड्या, वाटेत चार वाढवल्या, हातात किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'आठ.' आम्हाला आनंदच झाला होता. ओळखीचं माणूस भेटावं तसं.

साहेबांनी एका मुलाला उभं केलं. आठ. दुसऱ्याला. आठ. तिसरा घाबरला, पण आठच म्हणाला. साहेबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. म्हणाले, वाढवणे म्हणजे अधिक करणे. ती कासारीण आहे, पेटाऱ्यातल्या चार आणखी हातात घातल्या. तर अधिक केल्यावर कमी कसे होईल? मास्तर पुढे झाले. बांगडीच्या बाबतीत आमच्याकडे असं बोलतात, असं ते सांगू लागले, दिव्याचं उदाहरण देऊ लागले. साहेबांनी हात वर केला. बांगडी असो की आंबा, संख्या ती संख्या, ते म्हणाले. मग हेडमास्तरांकडे वळून विचारलं, तुमच्या भाषेत वाढवणे याचा अर्थ काय?

हेडमास्तर भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते. त्यांच्या घरात बायको होती, दोन सुना होत्या, रोज संध्याकाळी दिवा लागत होता आणि निजताना तो वाढवला जात होता. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, 'अधिक करणे, साहेब.' ओट्यावरचा पाटील खाकरला, कुळकर्ण्याने तंबाखू मळली, मोठ्या बाबांनी पगडीला हात लावला. सगळ्यांना ठाऊक होतं. एकाचीही जीभ उचलली नाही. आजवर आयुष्यात पुष्कळ गुंड, लबाड माणसं बघितली, पण त्या ओट्यावरच्या भल्या माणसांइतका राग मला कुणाचाच आला नाही.

साहेब म्हणाले, वर्गच्या वर्ग बेरजेच्या ठिकाणी वजाबाकी करतो, ही गोष्टींची करामत. मग त्यांची नजर दाराकडे आली आणि त्यांनी मला बोलावलं. 'ही मुलगी सांगेल,' ते म्हणाले. मी उठले. मोठे बाबा दाराच्या चौकटीत दिसत होते आणि त्यांच्यामागे ऊन होतं. मला अखजी दिसत होती. तरी मी आठच म्हणणार होते. माझ्या तोंडात दुसरा आकडाच नव्हता. मी तोंड उघडलं तेवढ्यात मास्तर बोलले. आवाज अगदी साधा होता, पाटी घ्या म्हणताना असायचा तसा.

'बाई, साहेबांनी सांगितला तोच अर्थ धरायचा. वाढवल्या म्हणजे मिळवल्या. माझं चुकलं होतं. आता सांग.'

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी म्हटलं, 'सोळा.'

'शाबास,' साहेब म्हणाले. त्यांनी मला पुढे आणखी दोन गणितं घातली, ती बरोबर आली, आणि मी पास झाले. मग ते मास्तरांना म्हणाले की या एका मुलीला समजतं, म्हणजे दोष शब्दाचा नाही, शिकवण्याचा आहे. तिला तुमच्या गोष्टी असूनही आलं. हे त्यांनी तिथेच टेबलावर बसून शेरेबुकात लिहिलं. मास्तर उभे होते. दौत कलंडायला आली होती, ती त्यांनीच सरळ केली. माझ्या तोंडच्या आकड्यानेच त्यांचा निकाल लागला होता, हे मला तेव्हा पुरतं कळलं नाही.

आठ म्हणणारी बहुतेक मुलं त्या वर्षी चौथीतच राहिली. त्यांनी मला 'सोळाबाई' नाव ठेवलं. पाणी भरायला गेले की विहिरीवर हाक यायची, सोळाबाई, घागरी किती आनल्या बे? त्यांच्यावर मी चिडले नाही. त्यांचं एक वर्ष गेलं होतं, आणि बरोबर उत्तर देऊन गेलं होतं.

मास्तरांची बदली सातपुड्याच्या आत, एका कोरकू वस्तीच्या शाळेवर झाली. तिकडचं पाणी वाईट, तिकडे गेलेला माणूस हिवताप घेऊनच उतरतो, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते निघाले त्या दिवशी मी आणि आई गेलो. खोलीत एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि तवा. पुस्तक शाळेचं, म्हणून ते त्यांनी पेटीत परत ठेवलं होतं. आईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मी त्यांना विचारलं की तुम्ही काऊन खोटं सांगितलं. ते तव्याला दोरी बांधत होते.

'लहान आहेस तोवर सोळाच राहू दे,' ते म्हणाले. 'मोठी झालीस, कुणाच्या हाताखाली नसलीस, की मग आठ सांग.'

मी खामगावला गेले. मामींच्या घरी धुणीभांडी करून शिकले, सातवी झाले, मग अमरावतीला बायकांच्या ट्रेनिंग शाळेत जागा मिळाली. तिथे माझ्या खोलीत बैतूलकडची एक हिंदी मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात निजायच्या वेळी ती कंदिलापाशी गेली आणि म्हणाली, 'दिया बढ़ा दूँ?' मी अंथरुणात उठून बसले. तिला विचारलं, हे काय बोललीस? ती म्हणाली, बुझाना म्हणू नये, अपशकुन असतो. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. मी विचारलं, और चूड़ी? ती हसली. म्हणाली, चूड़ी भी बढ़ती है, और दुकान भी.

तिने दिवा वाढवला. मला झोप आली नाही. म्हणजे साहेबांच्या घरीही कुणीतरी बाई असणार, आई असेल, आजी असेल, आणि तीही दिवा विझवताना हेच म्हणत असणार. त्या माणसाने हा शब्द आईच्या मांडीवर ऐकला असेल आणि आमच्या शाळेत, टेबलामागे बसल्यावर, त्याला तो ओळखूच आला नसेल. मलाही पाटीवर आला नव्हता, हे खरं. पण मी दहा वर्षांची होते आणि मला कुणीतरी घरी जाऊन आईला विचारायला सांगितलं होतं. साहेबांना कोण सांगणार?

मास्तरांची खबर मला फार मिळाली नाही. दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. पुढे कुणाकडून कळलं की ते आजारी पडून उंद्रीला परतले आहेत. ट्रेनिंग संपलं आणि मला चिखली तालुक्यातच पहिली नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, देवाने वाट सरळ करून दिली. मी कुणाच्या हाताखाली नव्हते असं नाही. पण आता तेवढं बोलण्यापुरती मोठी झाले होते. रुजू व्हायच्या आधी उंद्रीला जायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि आठ म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. खामगावहून सर्व्हिस मोटार मिळाली. वाटभर मी मनात घोकत होते की ते काय म्हणतील. पाटी वर कर, म्हणतील बहुतेक.

उंद्रीला उतरून एका माणसाला मास्तरांचं घर विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं बोट दाखवलं. तेव्हाच कळायला हवं होतं.

दारात एक बाई सूप घेऊन तूर निवडत बसली होती. हात भराभर फिरत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. मी अंगणात उभी राहिले आणि तिच्या मनगटांकडे बघत राहिले. मला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

तिने मला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. गेल्या पावसाळ्यात, म्हणाली. ताप यायचा, उतरायचा, यायचा. पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. तिच्या तोंडून तो 'वाढली' शब्द ऐकून मला कसंसंच झालं. मग तिने विचारलं की मी कोण आणि काय काम काढलं. मी म्हटलं, त्यांच्या वर्गात होते, त्यांना एक उत्तर द्यायचं राहिलं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. साहेब, शेरेबुक, सोळा, यातलं एक अक्षरही त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. बदली का झाली म्हणून तिने विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, सरकारला माणूस लागतो तिकडे.

'कशाचं उत्तर?' तिने विचारलं.

मग मी तिला कासारणीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. पेटारा, गावं, घरी वाट बघणारी लेक, रान, नदी. ती तूर निवडत ऐकत होती. मी त्या वाक्यापर्यंत आले. म्हटलं, हातात बारा बांगड्या होत्या, वाटेत चार वाढवल्या, घरी पोचली तेव्हा किती?

'आठ राह्यल्या,' ती म्हणाली. सुपातून मान वर न करता, लगेच. 'त्यात काय विचारायचं?'

मी तोंडाला पदर लावला आणि रडले. तिने मला रडू दिलं. मग सूप बाजूला ठेवून तिने विचारलं की त्या कासारणीचं पुढे काय झालं, दिवस असेतो घरी पोचली का ती.

मी सांगितलं की पुढची पानं नव्हती. उधईने खाल्ली होती.